‘१० तास सांगितले, ४ तासच चालतो’ या तुमच्या तक्रारीला दुकानाकडून उत्तर

नमस्कार ताई,

मी दुकानाचा मालक. तुमचा रिव्ह्यू सोमवारी सकाळी वाचला. उत्तराला तीन दिवस लागले त्याबद्दल माफ करा. आधी तुमचं बिल काढलं, तुम्हाला लॅपटॉप दाखवला त्या काउंटरवरच्या मुलाशी बोललो आणि त्याच मॉडेलचा दुकानातला पीस पूर्ण चार्ज करून स्वतः वापरून पाहिला. त्याशिवाय काही लिहिणं मला बरोबर वाटलं नाही.

इतर वाचणाऱ्यांना संदर्भ लागावा म्हणून तुमचं म्हणणं थोडक्यात सांगतो. मुलगी नववीत आहे, यंदापासून शाळेत स्वतःचा लॅपटॉप न्यायचा आहे. तुम्ही ‘हलका आणि शाळा सुटेपर्यंत चालेल असा’ लॅपटॉप मागितलात. आम्ही दिलेल्या लॅपटॉपवर १० तासांचं स्टिकर होतं, शाळेत तो चार तासांत बंद पडतो. तुम्ही दुकानात परत आलात तेव्हा बिलावरचा ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ हा शिक्का दाखवून तुम्हाला सर्व्हिस सेंटरचा पत्ता दिला गेला. शिवाय खोका तुमच्यासमोर उघडला नाही, त्यामुळे बॅटरी जुनी असावी अशी तुम्हाला शंका आहे.

आधी चार तासांचं बोलतो. मी ब्राइटनेस पूर्ण ठेवला, ब्राउझरमध्ये पंधरा टॅब उघडले, एक ऑनलाइन तास चालू केला आणि बाजूला प्रोजेक्टची फाइल ठेवली. मुलं वापरतात तसंच. ४ तास १० मिनिटांनी लॅपटॉप बंद पडला. म्हणजे तुमची मुलगी सांगते ते अगदी खरं आहे. तिच्या वापरण्यात काही चूक नाही, आणि बहुधा लॅपटॉपमध्येही दोष नाही. चूक आम्ही तो सुचवण्यात केली.

याचा हिशेब अवघड नाही, आणि तो आम्ही तुम्हाला त्याच दिवशी करून दाखवायला हवा होता. लॅपटॉपच्या बॅटरीत किती वीज मावते ते वॅट-अवरमध्ये मोजतात. तुमच्या लॅपटॉपची बॅटरी ४२ वॅट-अवरची आहे. मी केलं तसं काम सरासरी १० वॅट खातं. ४२ भागिले १० म्हणजे चार तासांच्या थोडं वर. आता स्टिकरवरचे १० तास घ्या. तेवढं चालायचं तर लॅपटॉपने सरासरी ४.२ वॅटमध्येच भागवायला हवं. स्क्रीन मंद ठेवून, आधीच उतरवून घेतलेला एखादा व्हिडिओ चालवत ठेवला तर तेही जमतं. कंपन्या साधारण अशाच चाचणीवरून तास सांगतात आणि कशी चाचणी घेतली ते बारीक अक्षरात लिहितातही. ते बारीक अक्षर वाचणं हे माझं काम आहे, गिऱ्हाइकाचं नाही.

दुसरी गोष्ट प्रोसेसरची. तुम्हाला दिलेला प्रोसेसर ‘एच’ गटातला आहे. कंपनीच्या हिशेबाने जड काम सतत केलं तर तो ४५ वॅट ओढतो, आणि जोर लावला तर थोडा वेळ त्याहूनही जास्त. व्हिडिओ एडिटिंग, मोठे गेम, इंजिनिअरिंगची सॉफ्टवेअर यांसाठी तो चांगलाच आहे. नववीच्या मुलीला मात्र ‘यू’ गटातला १५ वॅटचा प्रोसेसर पुरून उरतो. काउंटरवरच्या मुलाने तुम्हाला ‘तेवढ्याच पैशात जास्त पॉवरफुल, पुढे इंजिनिअरिंगलाही चालेल’ असं सांगितलं. मी त्याला दोष देत नाही. हे वाक्य त्याने माझ्याच तोंडून शेकडो वेळा ऐकलंय.

आणि हे वाक्यच मला आता खटकतं. दहावीच्या निकालानंतर आमच्याकडे आजोबा येतात, आई-वडील येतात, आणि बहुतेक सगळे ‘पुढची पाच-सहा वर्षं बघायला नको’ असा लॅपटॉप मागतात. मागण्यामागची माया कळते. पण लॅपटॉपची लिथियम-आयन बॅटरी साधारण ३०० ते ५०० वेळा पूर्ण चार्ज होऊन उतरली की तिची क्षमता मूळच्या ८० टक्क्यांच्या आसपास येते. शाळेत रोज बॅटरी संपेपर्यंत वापर असेल तर हा आकडा दोन-अडीच वर्षांत गाठला जातो. तुमची मुलगी इंजिनिअरिंगला जाईल, जाणार असेल तर, तेव्हा हाच लॅपटॉप तीन-सव्वातीन तासांवर आलेला असेल. चार वर्षांनंतरच्या कामासाठी आज तिच्या पाठीवर ओझं द्यायचं, आणि ती चार वर्षं येईपर्यंत बॅटरी थकलेली, यात कुणाचंच भलं नाही.

ओझ्याबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिलीय, पण मला ती सगळ्यात जास्त लागली. तुमचा लॅपटॉप १५.६ इंची, १.७ किलोचा. त्याचा जाड चार्जर धरला की जवळपास दोन किलो. केंद्र सरकारच्या २०२० च्या स्कूल बॅग धोरणानुसार दप्तराचं वजन मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांहून जास्त नसावं. मुलगी ४० किलोची धरली तर सगळं दप्तर चार किलोचं हवं. त्यातलं अर्धं आम्हीच भरून टाकलं, मग वह्या, डबा आणि पाण्याची बाटली कुठे ठेवायची? त्यात ती स्कूटीवर तुमच्या मागे बसून, दप्तर पाठीला लावून जाते असं तुम्ही लिहिलंय. सकाळच्या गर्दीत कर्वे रोडवरून तसं जाणं काय असतं ते मी रोज बघतो.

आणखी एक. तुमच्या मॉडेलला टाइप-सी पोर्ट आहे, पण त्यातून लॅपटॉप चार्ज होत नाही. ज्यात होतो, त्याला ४५ किंवा ६५ वॅटचा मुठीत मावणारा चार्जर चालतो आणि पुरेशा ताकदीची पॉवर बँकही चालते. वर्गात एकच प्लग, तोही टीचरच्या टेबलापाशी, अशी अवस्था असेल तर हा फरक फार मोठा आहे. गुरुवारी महावितरणचं काम निघून लाइट गेली की घरच्या अभ्यासालाही ती पॉवर बँकच उपयोगी पडते. हे तुम्ही विचारलं नव्हतं, पण आम्ही सांगायला हवं होतं.

आता जिथे माझं म्हणणं वेगळं आहे तेही सांगतो. बॅटरी जुनी नाही. तुम्ही चहाला गेलात तेवढ्यात आम्ही खोका उघडला, कारण विंडोजचं सेटअप आणि अपडेट व्हायला वेळ लागतो. पण तुमच्यासमोर उघडला असता तर ही शंकाच आली नसती, म्हणून आता दुकानात प्रत्येक खोका गिऱ्हाइकाच्या हातूनच उघडतो. माझ्या शब्दावर विसंबू नका, घरी तपासून बघा. कमांड प्रॉम्प्ट (विंडोजमधली आदेश टाइप करायची काळी खिडकी) उघडा, इंग्रजीत ‘पॉवरसीएफजी’ टाइप करा, एक जागा सोडून पुढे झुकलेली तिरकी रेघ द्या, तिला चिकटून ‘बॅटरीरिपोर्ट’ लिहा आणि एंटर दाबा. एक फाइल तयार होते, तिचा पत्ता स्क्रीनवरच दिसतो. त्यात ‘डिझाइन कपॅसिटी’ आणि ‘फुल चार्ज कपॅसिटी’ असे दोन आकडे असतात. हे आकडे मिलीवॅट-अवरमध्ये असतात, म्हणून दोन्ही ४२,००० च्या आसपास असले तर बॅटरी नवी आणि धडधाकट आहे. दुसरा आकडा बराच कमी असला तर बॅटरीत दोष आहे. तसं निघालं तर तुम्ही सर्व्हिस सेंटरच्या फेऱ्या मारायच्या नाहीत, ते मी बघेन.

त्या शिक्क्याबद्दल मात्र माझ्याकडे कुठलंही कारण नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात स्पष्ट आहे: सदोष माल बिलात दिलेल्या मुदतीत, आणि बिलात मुदत नसेल तर ३० दिवसांत, परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. वडिलांच्या काळापासून तो शिक्का बिलावर मारत आलो आणि कधी थांबून वाचला नाही. मंगळवारी तो काढून टाकला. तुम्ही दारात उभ्या असताना तो दाखवला गेला, याची मला मनापासून खंत आहे.

आता तुमच्यासाठी काय करणार ते. खरेदीला बारा दिवस झालेत. लॅपटॉप, चार्जर, खोका आणि बिल घेऊन या. बदल्यात १४ इंची, १.४ किलोच्या आसपासचा, यू प्रोसेसरचा आणि निदान ५६ वॅट-अवर बॅटरीचा लॅपटॉप देतो. किमतीत जो फरक असेल तो इकडून तिकडे किंवा तिकडून इकडे, बाकी खोका उघडला म्हणून एक रुपयाही कापणार नाही. शाळेच्या कामाला असा लॅपटॉप सरासरी सात वॅटमध्ये चालतो, म्हणजे आठ तास. हेही खरं मानू नका. दुकानातला डेमो पीस आधी एक दिवस घेऊन जा, मुलीला शाळेत वापरू द्या, घरी आल्यावर किती टक्के उरले ते बघा, मग ठरवा.

बजेट वाढवायची तयारी असेल तर तेही मोकळेपणाने सांगतो. २०२२ चा एम२ मॅकबुक एअर १.२४ किलोचा, ५२.६ वॅट-अवरचा आहे. कंपनी व्हिडिओसाठी १८ तास सांगते आणि वायफायवर वेब वापरायचं तर १५, म्हणजे कंपनीच्याच कागदावर काम बदललं की तीन तास गेले. तरीही शाळा सुटेपर्यंत तो आरामात टिकेल. स्नॅपड्रॅगनवर चालणारे विंडोज लॅपटॉपही बॅटरीला चांगले आहेत, पण काही जुनी सॉफ्टवेअर आणि प्रिंटरचे ड्रायव्हर त्यावर चालत नाहीत. म्हणून शाळेने सॉफ्टवेअरची यादी दिली असेल तर ती दाखवल्याशिवाय मी तो देणार नाही. माझं मत विचाराल तर नववीसाठी दोन्हींची गरज नाही.

आणि बदलायचा नसेल, मुलीला मोठी स्क्रीन आवडली असेल, तरी एकदा आणाच. तुमच्या लॅपटॉपची स्क्रीन १४४ हर्ट्झवर चालते, म्हणजे सेकंदाला १४४ वेळा चित्र बदलते, ती ६० वर आणतो. तो झाकण मिटवून दप्तरात टाकला तरी आत जागाच राहतो आणि शाळेत पोचेपर्यंत काही टक्के खातो, दप्तरात गरमही होतो. म्हणून झाकण मिटल्यावर तो हायबरनेट होईल, म्हणजे चालू काम जपून ठेवून पूर्ण बंद होईल, असं करून देतो. सोबत आलेलं ट्रायल अँटिव्हायरस काढतो. एवढ्याने चार तासांहून जास्त चालेल. दहा होणार नाहीत.

दुकानातली ‘इतके तास’ वाली स्टिकरं काढलीत. प्रत्येक लॅपटॉपसमोर आता वजन, वॅट-अवर आणि टाइप-सीमधून चार्ज होतो की नाही, एवढंच हाताने लिहिलेलं कार्ड आहे.

सकाळी ११ ते १ गर्दी कमी असते, मी स्वतः काउंटरवर असतो. शनिवारी शाळा लवकर सुटत असेल तर मुलीलाही आणा. दिवसभर तो उचलून ती नेणार आहे, तेव्हा हातात धरून तिनेच सांगावं. आणि चार्जर आठवणीने आणा.