टीडीएस कापला म्हणजे कर भरून झाला, असं नाही

नमस्कार. माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: ‘प्रत्येक बिलातले ३० टक्के करासाठी बाजूला काढा’ असं लिहून मी नव्याने स्वतंत्र काम सुरू केलेल्यांना घाबरवतो. टीडीएस (पैसे देणाऱ्याने आधीच कापून सरकारकडे भरलेला कर) कापलेलाच असतो, ४४एडीएमुळे (ठरावीक व्यावसायिकांना मिळालेल्या रकमेपैकी निम्मीच उत्पन्न धरू देणारं १९६१ च्या प्राप्तिकर कायद्यातलं कलम) निम्मं उत्पन्न करमुक्त होतं, वर लॅपटॉप, भाडं, इंटरनेट वजा करता येतं. मग ॲडव्हान्स टॅक्स (वर्ष संपायच्या आतच भरायचा कर) हवाच कशाला?

३० टक्क्यांबद्दल तुमचं बरोबर आहे. तो आकडा मी सरसकट द्यायला नको होता. ४४एडीए घेणाऱ्याचे सगळे क्लायंट भारतातले असतील, १० टक्के टीडीएस कापत असतील आणि दुसरं काही उत्पन्न नसेल, तर नव्या करप्रणालीत उलट रिफंडच येतो.

पण मला विचारणाऱ्यांपैकी बरेच जण नोकरी सोडून घरून परदेशी कंपनीचं काम करणारे आहेत. तिथे टीडीएस कापणारं कुणी नाही. समजा २०२५-२६ मध्ये असे ३० लाख आले. ४४एडीएनुसार उत्पन्न १५ लाख धरलं, तर नव्या करप्रणालीत सेससह कर होतो १,०९,२०० रुपये. तो १५ मार्चपर्यंत एकरकमी भरायचा असतो. ‘रिटर्नच्या वेळी बघू’ म्हणून जुलैअखेर भरला, तर ॲडव्हान्स टॅक्स न भरल्याबद्दल कलम २३४बीचे ४,३६८ आणि हप्त्याची तारीख चुकल्याबद्दल कलम २३४सीचे १,०९२ असं व्याज वर द्यावं लागतं.

व्याज फार नाही, हे खरं. पण तोवर ते लाखभर रुपये खात्यात शिल्लक असतात का? माझ्या पहिल्या वर्षी नव्हते. पगारातून कर आपोआप कापला जायची सवय, त्यामुळे खात्यात आलेलं सगळं आपलंच असं मी धरून चाललो होतो. जुलैमध्ये सीएने आकडा सांगितला आणि मुलीच्या फीसाठी ठेवलेली एफडी मोडावी लागली. नव्या माणसाला मार्चची तारीख मी पुन्हा पुन्हा सांगतो, ती म्हणूनच.

भारतातल्या क्लायंटचंही गृहीत धरू नका. तेच काम ‘तांत्रिक सेवा’ म्हणून धरलं तर टीडीएस १० नव्हे, २ टक्केच कापतात. ३० लाखांवर ते झाले ६०,०००. उरलेले ४९,२०० तुम्हीच भरायचे. टीडीएस वजा जाता १०,००० किंवा त्याहून जास्त कर उरत असेल, तर ॲडव्हान्स टॅक्स लागतोच.

आता वजावटी. इथे मात्र मी अजिबात सहमत नाही, कारण तुमचा सल्ला कुणी मनावर घेतला तर त्याचं रिटर्न चुकेल. ४४एडीएमध्ये निम्मी रक्कम सोडतात तीच मुळी खर्चापोटी. लॅपटॉपचा घसारा, भाडं, इंटरनेट सगळं त्यातच आलं; वेगळं काही वजा होत नाही. खर्च खरोखरच निम्म्याहून जास्त असेल, तर हिशेबवह्या ठेवून नफा कमी दाखवता येतो, पण मग बहुतेकदा ऑडिट करावं लागतं. पगारदारांची ७५,००० ची प्रमाणित वजावटही आता विसरायची, ती व्यावसायिक उत्पन्नाला मिळत नाही. ८०सी (विमा, पीपीएफसारख्या गुंतवणुकीची वजावट) हवं तर जुनी करप्रणाली घ्यावी लागते, आणि व्यवसायाचं उत्पन्न असणाऱ्याला त्यातून नव्या प्रणालीत एकदाच परतता येतं. नोकरीत दरवर्षी बदलत होतो, तसं इथे चालत नाही.

शिवाय ४४एडीए सगळ्यांसाठी नाही. अभियांत्रिकी, तांत्रिक सल्ला, माहिती तंत्रज्ञान यादीत आहेत. प्रत्येक फ्रीलान्स काम त्यात बसत नाही. जे बसत नाहीत आणि खऱ्या नफ्यावर कर भरतात, त्यांना चार हप्ते: १५ जूनपर्यंत १५ टक्के, १५ सप्टेंबरपर्यंत एकूण ४५, १५ डिसेंबरपर्यंत एकूण ७५ आणि १५ मार्चपर्यंत पूर्ण. पहिल्या वर्षी जूनमध्ये वर्षाचा अंदाज कुणालाच येत नाही. हातात असलेल्या कामांवरून आकडा धरा आणि पुढच्या प्रत्येक हप्त्याला सुधारत न्या.

मूळ लेखातला ३० टक्क्यांचा परिच्छेद आज बदलतो आहे, ‘आपल्या स्लॅबप्रमाणे काढा’ असं उदाहरणासह लिहीन. तुम्ही मात्र तुमचं २६एएस (तुमच्या नावावर जमा झालेल्या कराचं प्राप्तिकर खात्याचं विवरण) एकदा उघडून बघा. क्लायंटने कापलेला टीडीएस तिथे दिसतोय का आणि तो १० टक्के आहे की २, एवढं कळवलंत तर तुमचा १५ मार्चचा आकडा आपण इथेच मांडून बघू.