पासाची सवय आणि तिकिटाची खिडकी

आम्हा गोमंतकीयांना नाटकाचे वेड आहे, पण नाटकाचे तिकीट काढण्याचे वळण मात्र आम्हाला लागलेले नाही, हे मी स्वतःची फजिती झाल्यानंतर लिहीत आहे. देवळाच्या उत्सवात दुपारीच मांडवात चटई पसरून जागा धरायची आणि पालखी झाल्यावर मध्यरात्र उलटेपर्यंत नाटक पाहायचे, यात पैशांचा प्रश्न कधी आलाच नाही. पुढे कला अकादमीत किंवा फोंड्याच्या राजीव गांधी कला मंदिरात मुंबईचे नाटक लागू लागले, तरी आपला पहिला प्रश्न ‘तिकीट केवढ्याला?’ असा नसतो, ‘पास मिळेल का?’ असा असतो. हीच सवय आपण कोकणकन्या एक्स्प्रेसने मुंबईला घेऊन जातो, आणि तिथे ओळखीपाळखीतून तिकीट मिळते आहे असे कोणी म्हटले की आपल्याला खिडकीपेक्षा तोच माणूस जवळचा वाटतो.

गेल्या वर्षी पत्नी आणि मावशी यांना घेऊन मी दादरला एका नाटकाला जायचे ठरवले. ऑनलाइन सर्व तिकिटे संपली होती. इतक्यात एका व्हॉट्सअॅप गटात निरोप आला की, घरात अडचण आल्यामुळे तीन तिकिटे मूळ किमतीत द्यायची आहेत. जास्त पैसे मागणाऱ्याचा संशय घ्यावा, एवढे मला ठाऊक होते. रास्त दर सांगणाराही लबाड असू शकतो, हे सुचले नाही. 1,500 रुपये यूपीआयने पाठवले आणि तिकिटांचा स्क्रीनशॉट आला. दारावरच्या माणसाने माझ्या मोबाइलवरचा क्यूआर कोड यंत्रासमोर धरला, पुन्हा धरला, मोबाइलची काच स्वतःच्या शर्टाला पुसून तिसऱ्यांदा धरला आणि अगदी हळू आवाजात म्हणाला, ‘साहेब, या तिकिटांवर मंडळी आत गेलीत.’ मागून मावशी विचारत होती, ‘अरे, तिसरी घंटा झाली, आपण बाहेर का उभे?’

असा कोड एकदाच चालतो, परंतु त्याचे चित्र दहा जणांना विकता येते, एवढीच यातली कारागिरी आहे. संध्याकाळी तिकिटे विकणाऱ्या त्या माणसाचा फोन आला, ‘पैसे परत करतो, मी पाठवलेला कोड स्कॅन करून पिन टाका.’ पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही, तो फक्त देण्यासाठी लागतो. सुदैवाने तोवर मी शहाणा झालो होतो. 1930 या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर तक्रार नोंदवली, पण ती दारातूनच, त्याच क्षणी करायला हवी होती. पैसे अद्याप आलेले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शिवाजी मंदिरच्या खिडकीवर जाऊन उभा राहिलो. दादर स्थानकातून चालत जाण्याच्या अंतरावर, प्लाझासमोर असलेल्या या नाट्यगृहात त्या दिवशीच्या दुसऱ्या एका प्रयोगाची बाल्कनीतली तीन तिकिटे मिळाली आणि तीही तळमजल्यापेक्षा बरीच स्वस्त. बाल्कनीची पहिली रांग ही माझ्या मते मराठी नाटकासाठी उत्तम जागा आहे, कारण संपूर्ण रंगमंच एका नजरेत मावतो. पुढून दुसऱ्या रांगेत बसून नटाच्या कपाळावरचा घाम पाहण्याची हौस असेल, तर गोष्ट वेगळी. ऑनलाइन ‘हाऊसफुल्ल’ दिसले तरी खिडकीवर विचारणे सोडू नये, कारण राखून ठेवलेल्या जागा आयत्या वेळी सुटल्याचा अनुभव मी त्यानंतर दोनदा घेतला आहे.

दराच्या बाबतीत एक गोष्ट आपल्याकडे फारशी कोणाला माहीत नसते. नाटकाचे तिकीट 500 रुपयांपर्यंत असेल तर त्यावर जीएसटी नाही, आणि ही मर्यादा 2018 पासून आहे, त्याआधी ती 250 रुपये होती. मात्र तिकीट 500 च्या वर गेले की वरच्या रकमेवर नव्हे, तर पूर्ण रकमेवर 18 टक्के कर लागतो, म्हणजे 600 चे तिकीट 708 रुपयांना पडते. ऑनलाइन काढल्यास सुविधा शुल्क निराळे. चार जणांच्या कुटुंबाने मधल्या रांगांवर समाधान मानले, तर या फरकात नाटकानंतरचे जेवण सहज निघते.

जुहूच्या पृथ्वी थिएटरचा प्रकार मात्र वेगळा आहे. तिथे आसनांना क्रमांक नसतात, जो आधी रांगेत उभा राहील त्याला आधी जागा मिळते, आणि प्रयोग सुरू झाल्यावर कोणालाही आत सोडत नाहीत. त्यामुळे ‘पृथ्वीची पहिल्या रांगेतली तिकिटे’ असे म्हणून कोणी जादा पैसे मागत असेल, तर त्याच्याशी पुढे बोलण्याचे कारणच उरत नाही.

मुंबईला खास नाटकासाठी जाणाऱ्यांनी आणखी एका शक्यतेचा विचार करावा. नट आजारी पडतो, प्रयोग रद्द होतो, आणि ऑनलाइन तिकिटाचे पैसे ज्या खात्यातून भरले गेले त्याच खात्यात परत जातात. म्हणजे तुम्ही एखाद्या सज्जन, खऱ्याखुऱ्या माणसाकडून तिकीट घेतलेत, तरी परतावा त्याला मिळणार आणि तुम्ही त्याला आठवण करून देत राहणार. रेल्वेचे भाडे तर कोणीच देणार नाही. म्हणून परवा भाच्याने ‘मामा, मुंबईत कोणाकडे पास आहे का?’ असे विचारले, तेव्हा मी त्याला फक्त नाट्यगृहाच्या खिडकीची वेळ कळवली.