राज्य मशीनच्या हाती द्या आणि निवांत झोपा

माणसाच्या हाती राज्य ठेवू नका, ही तुम्हाला कळकळीची विनंती. माणसाला मेहुणे असतात, ठेकेदार असतात. तिकीट कापलं की तो रातोरात पक्ष बदलतो. शंभर वर्षांनी समुद्र कुठवर येईल असं विचारलं, तर पुढचा नारळ कुठे फोडायचाय ते सांगतो. सबब, कारभार यंत्राकडे सोपवा.

अल्बानियाने श्रीगणेशा केलाच आहे. सप्टेंबर 2025 मध्ये तिथल्या पंतप्रधानांनी सरकारी ठेक्यांसाठी 'डिएला' ही मंत्री नेमली. पडद्यावर पारंपरिक पोशाखात दिसते, पण आहे संगणकप्रणाली. तिला मेहुणा नाही. तिच्या पोटात माहिती भरणाऱ्यांना आहेत का, असलं खोचक काही विचारू नका.

ऑस्ट्रेलियाने तर गरजूंना जास्त दिल्या गेलेल्या सरकारी भत्त्यांची वसुलीच संगणकावर सोपवली होती. वर्षाची कमाई घ्यायची, सगळ्या पंधरवड्यांवर सारखी पसरायची आणि घरी बसलेल्या दिवसांतही हा कमावत होता असं धरून नोटीस धाडायची. हिशोब चुकलाय? मग तुम्ही सिद्ध करा! चार लाखांहून जास्त लोक असे कर्जदार झाले. पुढे पैसे परत करावे लागले आणि 2023 मध्ये चौकशी आयोगाने योजनेचे वाभाडे काढले. पण सोय बघा ना. ती पसरवापसरवी माणसांनीच ठरवली होती, आणि नोटिशीवर मात्र एकाचाही चेहरा नव्हता.

एक पथ्य पाळा. यंत्राशेजारी विचार करणारा माणूस बसवू नका. 26 सप्टेंबर 1983 ला मॉस्कोजवळच्या तळावर स्तानिस्लाव पेत्रोव्ह नावाचा अधिकारी ड्यूटीवर होता. संगणक सांगत होता, अमेरिकेची पाच क्षेपणास्त्रं निघाली. हा गृहस्थ म्हणे, युद्धच करायचं तर पाचच कशी पाठवतील? इशारा खोटा असल्याचं वर कळवून मोकळा झाला. ढगांवर चमकलेलं ऊन होतं ते. जग वाचलं, पण नोंदवही वेळेवर भरली नाही म्हणून त्याने बोलणी खाल्लीच.

आमच्या कोपऱ्यावरच्या रेशन दुकानात ही अडचण नाही. परवा एक मावशी ई-पॉस मशीनवर अंगठा टेकवत होत्या. जन्मभर लोकांची भांडी घासून रेषा गेलेल्या. पदराने पुसून झालं, खोबरेल लावून झालं, डावा झाला, उजवा झाला.

"मावशी, अंगठा लागत नाही."

"अरे, तू मला वीस वर्षं ओळखतोस ना?"

"मी ओळखतो हो. मशीन ओळखत नाही."

पूर्वी हाच दुकानदार मापात मारायचा आणि मावशी त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायच्या. आता तो हात जोडतो, काय बोलणार? पिशवीची घडी घालत मावशींनी एवढंच विचारलं, "ह्या मशीनचा साहेब कुठे बसतो रे?"

दुकानदाराने बोट वर केलं. वर पंखा होता, तोही बंद.