कूल हर्क किंग्स्टनचा, हिप-हॉप ब्रॉन्क्सचं

११ ऑगस्ट जवळ आला की एक मजकूर हमखास फिरायला लागतो. २०२३ मध्ये हिप-हॉपची पन्नाशी साजरी झाली, तेव्हापासून तर त्याला ऊतच आलाय. कधी तो रील म्हणून येतो, कधी लांबलचक फॉरवर्ड म्हणून. सार असं: हिप-हॉप (रॅप, डीजे, ब्रेकडान्स अशी ती सगळी संस्कृती) अमेरिकेचं नाहीच, ते जमैकाचं. कूल हर्क नावाच्या जमैकन मुलानं १९७३ साली न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागातल्या एका पार्टीत त्याचा शोध लावला. साउंड सिस्टिम त्यानं जमैकाहून आणली, रॅप म्हणजे तिथलंच टोस्टिंग, ब्रेकबीट म्हणजे तिथलंच डब. त्याच्यामागून आलेले मोठे डीजेही कॅरिबियनच. अमेरिकेनं माल चोरला, लेबल चिकटवलं आणि पैसे कमावले.

यातलं निम्मं खरं आहे, म्हणून तर हे खोडायला वेळ लागतो. आणि उरलेल्या निम्म्यानं सगळ्यात मोठा अन्याय कॅरिबियन बेटांवरच केलाय. एकेक दावा घेऊ.

पहिला दावा, एका रात्रीतल्या शोधाचा. पार्टी झाली हे खरं. १५२० सेजविक ॲव्हेन्यू या इमारतीच्या तळमजल्यावरच्या हॉलमध्ये ११ ऑगस्ट १९७३ ला ती झाली. ती भरवली होती हर्कच्या बहिणीनं, सिंडी कॅम्पबेलनं. शाळा सुरू व्हायच्या आधी नवे कपडे घ्यायला पैसे हवे होते. मुलींना २५ सेंट, मुलांना ५० सेंट तिकीट. म्हणजे आयोजक सिंडी, आणि फॉरवर्डमध्ये तिचं नावही नाही. हर्क हे टोपणनाव. मुलाचं नाव क्लाइव्ह कॅम्पबेल, वय १८. ज्या युक्तीसाठी तो ओळखला जातो, ती त्या रात्री आकाशातून पडली नाही. नाचणारी पोरं रेकॉर्डच्या एका ठरावीक तुकड्याची, नुसते ड्रम वाजतात त्याची, वाट बघत थांबतात, हे पार्ट्या वाजवता वाजवता त्याच्या लक्षात आलं आणि मग त्यानं तोच तुकडा लांबवायला सुरुवात केली. वाढदिवस साजरा करायला तारीख लागते, म्हणून ११ ऑगस्ट. त्यापलीकडे त्या तारखेवर भार टाकू नये.

दुसरा दावा साउंड सिस्टिमचा, आणि इथे फॉरवर्ड बरंचसं बरोबर आहे.

१९५०च्या दशकातलं किंग्स्टन, जमैकाची राजधानी. रेडिओवर गरिबाच्या आवडीचं फारसं काही लागत नाही, बँड बोलावणं परवडत नाही. मग टॉम वाँग, ड्यूक रीड, कॉक्सन डॉड अशी मंडळी भले थोरले ॲम्प्लिफायर आणि स्पीकर घेऊन मोकळ्या आवारात नाच भरवू लागतात. विसर्जनाच्या मिरवणुकीत ट्रकवर रचलेली स्पीकरची भिंत आठवा, म्हणजे छातीत घुमणाऱ्या बासचा अंदाज येईल. कोणाची सिस्टिम जास्त दणदणीत आणि कोणाकडे दुसऱ्याकडे नसलेली रेकॉर्ड आहे, यावर गर्दी ठरायची. म्हणून रेकॉर्डवरची लेबलं खरवडून टाकायचे. प्रतिस्पर्ध्याचा हेर जवळ येऊन डोकावला तरी त्याला गाणं कोणाचं ते कळू नये!

क्लाइव्हनं हे बारा वर्षांचा होईपर्यंत पाहिलं आणि १९६७ मध्ये तो ब्रॉन्क्सला गेला. पुढे तिथं त्याचे वडील एका स्थानिक बँडच्या आवाजाची व्यवस्था बघायचे. त्यांच्याकडे चांगली सिस्टिम होती, पण तिच्यातून पुरेशी ताकद निघत नव्हती. पोरानं वायरिंगशी खटपट करून ती काढली. वडिलांनी आणखी एक गोष्ट शिकवली: रेकॉर्डचं नाव लपव, तुझं नाव त्यावरच होईल. हर्क लेबलं पाण्यात भिजवून सोडवायचा. जमैकाचा वारसा दाखवणारा याहून चांगला पुरावा माझ्या माहितीत नाही, आणि फॉरवर्डमध्ये नेमका हाच नसतो. बासचा धक्का, माइकवरचा एको, लेबल लपवण्याची खोड, उद्यानात सिस्टिम मांडून दुसऱ्या डीजेला आवाजानं झोपवणं, हे सगळं किंग्स्टनचं वळण आहे.

पण ‘आणली’ म्हणजे काय आणलं? यंत्रं अमेरिकेतली, विकत घेतलेली. रेकॉर्ड अमेरिकन. हर्कनं सुरुवातीला जमैकाचं रेगे लावून पाहिलं, गर्दी हलली नाही; मग अमेरिकन काळ्यांच्या सोल आणि फंक संगीताकडे वळला तेव्हा हॉल पेटला. शिवाय किंग्स्टनच्या सिस्टिमवर त्या काळी सहसा एकच टर्नटेबल (रेकॉर्ड फिरवणारं यंत्र) असायचं. दोन टर्नटेबलांवर एका गाण्यातून दुसऱ्यात सरकण्याची कला न्यूयॉर्कच्या डिस्को क्लबांत पिकली होती. फ्रान्सिस ग्रासो, पीट डीजे जोन्स ही तिथली नावं. हर्कच्या टेबलावर ही दोन घराणी भेटली.

आता तिसरा दावा: रॅप म्हणजे टोस्टिंग. सगळ्यात लोकप्रिय आणि सगळ्यात कच्चा.

टोस्टिंग म्हणजे रेकॉर्ड वाजत असताना डीजेनं माइकवर लयीत बोलणं, फुशारक्या मारणं, नाचणाऱ्यांना चेव आणणं. वरवर पाहता रॅपच. म्हणून लोक सरळ रेघ ओढतात. पण मुळात टोस्टिंग आलं कुठून? काउंट मचुकी हा किंग्स्टनमधला या कलेचा आद्य पुरुष मानला जातो. त्याच्या पिढीसमोर नमुना होता अमेरिकन रेडिओवरच्या काळ्या निवेदकांचा. दोन गाण्यांच्या मध्ये यमकं जुळवत झपाट्यानं बडबडणारे हे लोक. जॉको हेंडरसन हा त्यातला फार मोठा. फिलाडेल्फिया आणि न्यूयॉर्कमधून तो ‘रॉकेटमध्ये बसून’ कार्यक्रम सादर करायचा. रात्री अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांतली स्टेशनं जमैकात पकडता येत, आणि ऊसतोडीला फ्लोरिडाला गेलेला कॉक्सन डॉड तिथून रेकॉर्ड घेऊन आला होता. पुढे यू-रॉय या जमैकन टोस्टरनं १९७० मध्ये टोस्टिंगला थेट जमैकातल्या गाजत्या गाण्यांच्या यादीत वर नेऊन बसवलं, तेव्हाही त्याच्या गाजलेल्या रेकॉर्डची सुरुवात रेडिओ स्टेशनच्या घोषणेच्या थाटात होते. म्हणजे ज्या मालाला फॉरवर्ड ‘जमैकाची निर्यात’ म्हणतं, तो आधी अमेरिकेतून आयात झाला होता.

तोच जॉको न्यूयॉर्कच्या हार्लेम-ब्रॉन्क्समधल्या घरांतही ऐकू येत होता. १९७९ मध्ये, रॅपच्या पहिल्यावहिल्या रेकॉर्ड निघाल्या त्याच वर्षी, या म्हाताऱ्या गड्यानं स्वतःची एक यमकी रेकॉर्ड काढली. त्याच्या जोडीला ब्रॉन्क्समधल्या पोरांकडे नाक्यावरचे शिवीगाळीचे जुगलबंदी-खेळ होते, तुरुंगात आणि पानपट्टीसारख्या अड्ड्यांवर म्हटली जाणारी लांबलचक यमकबद्ध कवनं होती, चर्चमधलं लयदार प्रवचन होतं, पत्रकारांसमोर कविता फेकणारा मुहम्मद अली होता, १९६८ पासून हार्लेममध्ये ढोलांच्या साथीनं कविता म्हणणारे लास्ट पोएट्स होते. हार्लेमच्या नामांकित अपोलो थिएटरपर्यंत पोचलेला डीजे हॉलीवूड डिस्कोच्या गर्दीपुढे सलग यमकं म्हणायचा, आणि तो हर्कच्या परंपरेतला नव्हताच.

खुद्द हर्कला हे विचारलं गेलं होतं. १९८०च्या दशकातल्या एका मुलाखतीत त्यानं टोस्टिंगशी संबंध साफ नाकारला. ब्रॉन्क्समध्ये रेगे वाजवताच येत नव्हतं, लोकांनी चालवून घेतलं नसतं, असं तो म्हणाला. रॅपची प्रेरणा म्हणून त्यानं अमेरिकन फंक गायक जेम्स ब्राउन आणि ‘हसलर्स कन्व्हेन्शन’ हा १९७३चा अल्बम सांगितला. नंतर दुसऱ्या एका मुलाखतीत त्यानंच सांगितलं की सगळं रसायन जमैकाहून आलं. फॉरवर्डवाले दुसरं वाक्य उचलतात, त्यांचे विरोधक पहिलं. दुसऱ्या मुलाखतीत पुढे काय म्हटलंय ते मात्र दोघेही वाचत नाहीत: जमैकात असतानाच तो अमेरिकन संगीत ऐकत होता आणि त्याचा सर्वात आवडता कलावंत जेम्स ब्राउनच होता. मला तरी या दोन वाक्यांत भांडण दिसत नाही. माइकवर काय बोलायचं ते अमेरिकन होतं, आणि गर्दीसमोर रेकॉर्ड कशी राबवायची ते जमैकन.

आणि रॅप हे टोस्टिंगच असेल, तर त्या पहिल्या वर्षांतल्या रेकॉर्डवर जमैकन बोली का ऐकू येत नाही? ब्रॉन्क्समध्ये त्या काळी जमैकन असणं मिरवण्यासारखं नव्हतं. क्लाइव्हनंही शाळेत आपली बोली लवकरच झाकून टाकली. जमैकन हेल हिप-हॉपमध्ये छाती काढून आला तो १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात. बूगी डाउन प्रॉडक्शन्स या ब्रॉन्क्सच्या रॅप गटाचा ‘क्रिमिनल माइंडेड’ हा अल्बम १९८७चा. त्यातल्या एका गाजलेल्या गाण्यात सुपर कॅट या जमैकन डीजेची चाल उघडपणे घेतली आहे. मूळ आधीपासून तिथं असतं, तर ते पुढे चौदा वर्षांनी पाहुणं म्हणून आलं नसतं.

चौथा, ब्रेकबीट म्हणजे डब. हे थोडक्यात. डबमध्ये किंग टबीसारखा तंत्रज्ञ स्टुडिओत बसून टेपवरचं गाणं सोलतो: गायकाचा आवाज काढतो, बास आणि ड्रम पुढे आणतो, एको सोडतो. हर्क एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती घेऊन, लोकांसमोर, ड्रमचा तुकडा (म्हणजेच ‘ब्रेक’) संपला की दुसऱ्या प्रतीवर तोच पुन्हा सुरू करायचा. ड्रम आणि बास असला की नाच होतो, ही जाण जमैकाची, हे हर्कही सांगतो. कृती मात्र वेगळी. तीही त्याच्या हातात ओबडधोबडच होती. ती अचूक केली ब्रॉन्क्सच्याच ग्रँडमास्टर फ्लॅश या डीजेनं, रेकॉर्डवर खडूच्या खुणा करून आणि पुढची रेकॉर्ड फक्त आपल्या हेडफोनमध्ये ऐकता येईल असं बटण स्वतः जोडून.

या ब्रेकमधला सर्वात प्रसिद्ध म्हणजे ‘अपाचे’. त्याची वंशावळ फॉरवर्डवाल्यांनी एकदा बघावी. धून एका इंग्रज माणसानं लिहिली, हॉलीवूडचा एक वेस्टर्न सिनेमा पाहून. १९६० मध्ये ती ‘द शॅडोज’ या इंग्रज गटानं गाजवली. १९७३ मध्ये इन्क्रेडिबल बोंगो बँड नावाच्या भाडोत्री वादकांच्या जथ्यानं ती पुन्हा वाजवली, आणि त्यातला तालवाद्यांचा तो अजरामर तुकडा वाजवणारा किंग एरिसन हा बहामाचा. जमैकाचा शोध घेणाऱ्यांना इथं खरोखरचं एक कॅरिबियन बोट सापडलं असतं. पण ते वेगळ्याच बेटावरचं निघालं.

इथून पाचव्या दाव्याकडे यायला सोपं जातं: सगळे मोठे डीजे कॅरिबियन. फ्लॅशचा जन्म बार्बाडोसचा, बरोबर. पण बार्बाडोस किंग्स्टनपासून दीड हजार किलोमीटरांहून लांब, तिथलं संगीत वेगळं, आणि फ्लॅश लहानपणीच ब्रॉन्क्सला आलेला. त्याची करामत आली ती व्होकेशनल शाळेत शिकलेल्या इलेक्ट्रॉनिक्समधून. स्क्रॅचिंग, म्हणजे रेकॉर्ड हातानं मागे-पुढे करून आवाज काढणं, शोधणारा ग्रँड विझर्ड थिओडोर ब्रॉन्क्सचाच. जन्मदाखल्यावरून संगीत ओळखायचं म्हटलं तर अमेरिकन कवी-गायक गिल स्कॉट-हेरनही जमैकन ठरेल, कारण त्याचे वडील जमैकन. (ते ग्लासगोच्या सेल्टिक क्लबकडून खेळलेले पहिले काळे फुटबॉलपटू, ही माहिती मला कुठेतरी घुसवायचीच होती.) पोरगा मात्र आजीजवळ टेनेसीत वाढला, आणि त्याच्या कवितेत जमैका शोधावी लागते.

खरी चूक याच्या पुढची आहे. ‘कॅरिबियन’ म्हणताना या मजकुराला फक्त इंग्रजी बोलणारी बेटं दिसतात. साउथ ब्रॉन्क्समध्ये शेजारी कोण राहत होतं? प्वेर्तो रिकन. त्यांच्या खिडक्यांतून सालसा वाहत होता, उन्हाळ्यात जिन्यावर आणि पार्कात कोंगा वाजत होते. नाचणारी पोरं ज्या तुकड्यांवर तुटून पडायची, त्यांतल्या कितीतरी तुकड्यांत बोंगो, कोंगा, टिम्बाले ही लॅटिन तालवाद्यं आहेत. हे कान न्यूयॉर्कच्या क्यूबन-प्वेर्तो रिकन नाचघरांनी वीस-पंचवीस वर्षं आधी तयार केले होते. १९७०च्या दशकाच्या शेवटी काळ्या पोरांनी ब्रेकडान्स जवळजवळ सोडून दिला, तेव्हा तो जिवंत ठेवला रॉक स्टेडी क्रू या नाचणाऱ्यांच्या गटातल्या क्रेझी लेग्जसारख्या प्वेर्तो रिकन मुलांनी. कोल्ड क्रश ब्रदर्स या रॅप गटाचा डीजे चार्ली चेस प्वेर्तो रिकन. रॅपच्या कार्यक्रमात लॅटिन रेकॉर्डचे बास तो कोणाला कळू न देता मिसळायचा. आणखी मागे गेलं तर न्यू ऑर्लिन्सच्या जेली रोल मॉर्टन या जॅझ पियानोवादकानं ‘स्पॅनिश छटा’ नसेल तर जॅझ जमतच नाही असं सांगितलं होतं, आणि ती छटा हवानाची. त्याच न्यू ऑर्लिन्सचं ऱ्हिदम अँड ब्लूज ऐकून जमैकात स्का, म्हणजे रेगेचं पूर्वज संगीत, उभं राहिलं. एका मुलाच्या सामानात सगळं कॅरिबियन कोंबणाऱ्यांना ही दीडशे वर्षांची ये-जा दिसतच नाही.

राहता राहिली चोरी. चोरी झाली, आणि ती नावानिशी माहीत आहे. १९७९ मध्ये न्यू जर्सीतल्या शुगर हिल रेकॉर्ड्सनं ‘रॅपर्स डिलाइट’ काढलं आणि जगानं पहिल्यांदा रॅप ऐकलं. त्यात बिग बँक हँक हा गायक म्हणतो त्या ओळी ब्रॉन्क्सच्या ग्रँडमास्टर कॅझ या रॅपरच्या वहीतल्या. कॅझचं एक टोपणनाव कॅसानोव्हा. वही उसनी घेणाऱ्या हँकनं एवढीही तसदी घेतली नाही की नाव बदलावं. गाण्यात तो स्वतःची ओळख करून देताना ‘कॅसानोव्हा’चं स्पेलिंग अक्षर-अक्षर म्हणून दाखवतो.