माळावरचे शेणकिडे आणि आपले एनए प्लॉट

सासवड-जेजुरीच्या माळावर वृक्षारोपणाचे फलक लागलेत आणि त्याच रस्त्याला एनए प्लॉटचेही. दोन्हींच्या मुळाशी एकच समज, की इथं काहीच नाही. मला हे अजिबात पटत नाही.

हा माळ म्हणजे उजाड झालेलं जंगल नव्हे. कमी पावसाचा, कुसळी गवताचा, मध्येच बोरी-बाभळी असलेला हा सवाना आहे. पावसाळ्यात गुरं चरून गेली की ताज्या शेणापाशी थोडा वेळ बसा. काळे शेणकिडे वासावर उडत येतात. काही जण डोक्याच्या फावड्यासारख्या कडेनं शेण कापून त्याचा गोळा करतात आणि मागचे पाय त्यावर टेकून, डोकं खाली, उलटे चालत तो लोटत नेतात. काही तिथंच खाली बीळ खणून शेण आत ओढतात. मादी त्यात अंडं घालते, अळी त्यावरच वाढते. यात शेण जमिनीत जातं, माती भुसभुशीत होते, माशा कमी होतात. ऑस्ट्रेलियातल्या किड्यांना गाईचं शेण झेपेना, तेव्हा १९६०च्या दशकाच्या अखेरीपासून तिथं परदेशातून शेणकिडे आणून सोडावे लागले. आपल्याकडे हे फुकट होतंय, आणि आपण त्यावर मुरूम पसरून रोलर फिरवतोय.

दिव्यांचा त्रास वेगळाच. दक्षिण आफ्रिकेतले रात्री फिरणारे शेणकिडे आकाशगंगेच्या पट्ट्यावरून दिशा धरतात, हे २०१३ मध्ये दाखवून दिलं गेलं. २०२१च्या अभ्यासात जोहान्सबर्गच्या उजळलेल्या आकाशाखाली तेच किडे दिव्यांकडे वळताना दिसले. सगळे एकाच बाजूला गेले की गोळ्यावरून मारामारी ठरलेली. आपल्या लेआउटमध्ये घर एक नसतं, तरी खांबांवर एलईडी रात्रभर चालू. पिकांची मुळं खाणाऱ्या हुमणीचे भुंगेरे दिव्याला कसे येतात हे शेतकऱ्याला सांगायला नको, प्रकाश सापळा त्यावरच चालतो. मग शेणकिड्यांसारख्या बाकीच्या भुंगेऱ्यांचं काय होत असेल?

त्यात पावसाचा भरवसा राहिला नाही. मान्सून मुंबईत २०२३ला २५ जूनला पोचला, २०२५ला २६ मेला. बरेच भुंगेरे वळवानं जमीन ओली झाली की वर येतात. पुढे पाऊस ओढला तर शेण उन्हात वरून कडक होतं, जमीनही खणवत नाही. माळ सलग असेल तर किडे ओल शोधत सरकतील. कंपाउंड आणि सिमेंटच्या रस्त्यांत अडकलेल्या तुकड्यावरून ते कुठं जाणार?

म्हणून गायरानं गायरानंच राहू द्या. धनगरांची मेंढरं, गावची गुरं चरू द्या; चराई थांबली की शेणच नाही. आयव्हरमेक्टिनसारखं जंताचं औषध शेणातून उतरून अळ्यांना मारतं, ते डॉक्टरांना विचारून गरजेपुरतंच द्या. माळावर खड्डे घेऊन गिरिपुष्प लावू नका, झाडं गावात लावा. आणि तिथं प्लॉट घेतलेल्यांनी पहिल्याच मीटिंगला दिव्यांचा विषय काढा: वरून झाकलेला, पिवळा दिवा, आणि रात्री दहानंतर बंद. निदान जून ते सप्टेंबर तरी.