‘टोप्या-उपरण्यांचा हिशेब लागत नाही’: महागात पडणारा गैरसमज

निवडणूक लागली की कार्यकर्त्यांच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरतो. टोप्या, उपरणी, झेंडे, बिल्ले हे पक्षाचं साहित्य, ते उमेदवाराच्या खर्चात धरत नाहीत. अर्ज भरायच्या आधी छापून घेतलं की विषय संपला. टी-शर्ट बिनधास्त वाटा. समर्थकाने पदरच्या पैशाने वाटलं तर उमेदवाराचा संबंध नाही. आणि एवढ्या टोप्या मोजणार कोण? लोकसभा-विधानसभेसाठी यातलं एकही विधान खरं नाही. (महापालिका, जिल्हा परिषदेचे नियम राज्य निवडणूक आयोग वेगळे काढतो.) फटका बसतो तो पहिल्यांदा उभ्या राहणाऱ्यांना आणि अपक्षांना, कारण त्यांच्याकडे हिशेबातला जाणता माणूस नसतो.

‘पक्षाचं साहित्य उमेदवाराला लागत नाही.’ एके काळी कायदाच तसा होता. 1974 साली सर्वोच्च न्यायालयाने कंवरलाल गुप्ता विरुद्ध अमरनाथ चावला खटल्यात पक्षाने उमेदवारासाठी केलेला खर्च त्याच्याच खात्यात धरला. लगेच कायदा बदलून पक्षाला आणि समर्थकांना सूट दिली गेली. ती सूट 2003 च्या दुरुस्तीने गेली. आज सूट उरली आहे ती फक्त स्टार प्रचारकांच्या प्रवासखर्चाला. त्यांच्या सभेत उमेदवार मंचावर बसला किंवा त्याचा फोटो लागला, की मंडप, खुर्च्या, झेंडे, टोप्या त्याच्या नावावर. उमेदवार अनेक असतील तर वाटून. जुनी माणसं ‘पक्षाच्या नावावर टाका’ म्हणतात, ती वीस-पंचवीस वर्षांपूर्वीची सवय आहे.

‘अर्जाआधी छापा.’ लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 77 प्रमाणे अर्ज भरल्याच्या दिवसापासून निकालाच्या दिवसापर्यंत, दोन्ही दिवस धरून, हिशेब ठेवायचा असतो. मेसेज लिहिणारा तिथेच फसतो. बिलाची तारीख आधीची असली तरी माल अर्ज भरल्यानंतर वापरला, तर केंद्रीय निवडणूक आयोगाच्या सूचनेप्रमाणे तो खर्चात येतो.

‘टी-शर्ट चालतो.’ अजिबात नाही. टोपी, मफलर, उपरणं, मुखवटा कार्यकर्त्यांना देता येतो आणि त्याचा खर्च दाखवावा लागतो. साडी, शर्ट, टी-शर्ट, धोतर असे अंगभर कपडे वाटायला मनाई आहे, कारण ती मतदारांना दिलेली लाच ठरू शकते. हिशेबात लिहिल्याने ते नियमात बसत नाहीत. गाडीतून माल नेतानाही जपा. उमेदवार, त्याचा प्रतिनिधी किंवा कार्यकर्ता असलेल्या गाडीत मतदारांना आमिष म्हणून वापरता येतील अशा 10,000 रुपयांहून जास्त किमतीच्या भेटवस्तू सापडल्या, तर नाक्यावरचं पथक जप्त करतं.

‘समर्थकाने वाटलं.’ उमेदवाराच्या लेखी परवानगीशिवाय त्याच्या प्रचारावर खर्च करणं भारतीय न्याय संहितेच्या कलम 176 खाली गुन्हा आहे. परवानगी दिली तर तो खर्च उमेदवाराच्या हिशेबात. नाही दिली तर समर्थक अडकतो.

आता ‘मोजणार कोण?’ सभेला आलेलं व्हिडिओ पथक चित्रीकरण सुरू करताना कॅमेऱ्यात बोलून नोंद करतं: कार्यक्रम कोणता, तारीख, ठिकाण, पक्ष, उमेदवार. मग गाड्या, खुर्च्या, मंचाचं माप, बॅनर, कटआऊट. ते फुटेज दुसरं पथक बघतं आणि जिल्ह्याच्या दरपत्रकाप्रमाणे रक्कम छाया नोंदवहीत, म्हणजे उमेदवाराच्या खर्चाची यंत्रणेने स्वतः ठेवलेल्या समांतर वहीत, चढते. समजा, दरपत्रकात टोपी 8 रुपये आणि उपरणं 25 रुपये आहे. 3,000 माणसांच्या सभेत सगळ्यांच्या अंगावर दोन्ही दिसलं, तर 99,000 रुपये झाले. महाराष्ट्रात विधानसभेच्या उमेदवाराची खर्चमर्यादा 40 लाख (गोव्यात 28 लाख). अशा दहा सभांत पाव मर्यादा नुसत्या टोप्या-उपरण्यांत जाते.

इथे बहुतेकांचं चुकतं ते बिलात. ‘प्रचार साहित्य, एकरकमी’ असं बिल आणलं की नग किती, माप काय, काहीच सिद्ध होत नाही आणि पथकाने मोजलेला आकडाच समोर येतो. बिलावर वस्तू, माप, नग, दर वेगवेगळे लिहून घ्या. सोबत साध्या वहीत तीन रकाने आखा: आवक, वाटप, शिल्लक. एकाच उपरण्याने पाच सभा केल्या हे या वहीवरूनच पटवता येतं. एका विक्रेत्याला एकूण 10,000 रुपयांपुढे रोख देऊ नका, चेक किंवा ऑनलाइन द्या, तेही निवडणुकीसाठी उघडलेल्या स्वतंत्र खात्यातून. प्रचारकाळात उमेदवाराची खर्चाची नोंदवही किमान तीनदा तपासतात आणि छाया नोंदवहीशी ताडतात. तफावतीची नोटीस आली तर उत्तराला 48 तास मिळतात, त्यामुळे वही तयार हवी.

पत्रकं आणि पोस्टरांची छपाई तर लपतच नाही. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 127-अ नुसार त्यावर मुद्रक-प्रकाशकाचं नाव-पत्ता हवा, आणि किती प्रती छापल्या, किती पैसे घेतले हे छापखानाच लेखी कळवतो. नाव-पत्ता नसेल तर सहा महिन्यांपर्यंत कैद, 2,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

निकालानंतर 30 दिवसांत हिशेब जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे द्यायचा. हरलेल्यांनीही. ठोस कारणाशिवाय दिला नाही, तर आयोग तीन वर्षांसाठी अपात्र ठरवू शकतो.