बारीक रक्तवाहिनीत दाब जास्त असतो काय?

‘नळीच्या तोंडावर बोट दाबले की धार जोरात सुटते, तसेच रक्तवाहिनी जितकी बारीक, तितका तिच्यातला दाब आणि वेग जास्त. म्हणून बोटांना मुंग्या आल्या की बीपी वाढला समजावे, आणि बीपी हात कसाही ठेवून मोजला तरी चालतो,’ असा मजकूर रोवणीच्या दिवसांपासून आमच्या भंडाऱ्याकडच्या गावगटांत फिरतो आहे.

आधी वेगाचे पाहू. मामा (माजी मालगुजारी) तलावाचे पाटातून खळखळत आलेले पाणी धुरे (बांध) फोडून पंधरा-वीस बांध्यांत, म्हणजे धानाच्या खाचरांत, शिरले की इतके संथ होते की त्यावरची काडीही जागची हलत नाही. रक्ताचेही तसेच होते. सुमारे अडीच सेंटीमीटर व्यासाच्या, हृदयातून निघणाऱ्या एका महाधमनीतून मिनिटाला जाणारे साधारण 5 लिटर रक्त पुढे अब्जावधी केशवाहिन्यांत वाटले जाते. त्यांतली प्रत्येक केसाहून बारीक असली, तरी सगळ्यांचा एकत्रित छेद महाधमनीच्या शेकडो पट भरतो, त्यामुळे तेथे रक्त सेकंदाला जेमतेम मिलिमीटरभर सरकते. प्राणवायूची देवघेव होण्यास हा संथपणा लागतोच.

दाबाबाबत मात्र बोटाचे उदाहरण खरे आहे. ते वाचले उलटे गेले. दाब बोटाच्या मागे, नळीत साठतो, बोटापलीकडे नाही. शरीरात हे बोट म्हणजे केशवाहिन्यांच्या अलीकडच्या, भिंतीत स्नायू असलेल्या धमनिका. त्रिज्या निम्मी झाली की वाहिनीचा अडथळा 16 पट होतो, म्हणून महाधमनीत सरासरी पाऱ्याच्या 100 मिलिमीटरच्या आसपास असलेला दाब धमनिका ओलांडेपर्यंत सुमारे 35 वर येतो, केशवाहिनीच्या शेवटी 15 च्या जवळ आणि हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यात जवळजवळ शून्यावर. धमनिका आवळल्या की वाढतो तो मागच्या मोठ्या धमन्यांतला दाब, आणि दंडावरचा पट्टा तोच मोजतो.

मुंग्यांना नस दबणे, मधुमेह, बी-12 ची कमतरता अशी कितीतरी कारणे असतात. वाढलेला बीपी बहुधा काहीच जाणवू देत नाही.

हाताच्या ठेवणीची चूक मात्र महागात पडू शकते, कारण दंड हृदयाच्या पातळीपेक्षा 10 सेंटीमीटर खाली असला तर आकडा 7-8 ने जास्त येतो, आणि तेवढ्यावर एखाद्याची गोळी सुरू होऊ शकते. उपकेंद्रात टेबल नसेल, तर मांडीवर घडी केलेली चादर ठेवून दंड छातीच्या मध्यापर्यंत उचलून घ्यावा.